बाईंचे घड्याळ : स्मार्टवॉच रोज घालावे का, याचा एक प्रकरण अभ्यास

सांगलीतील एका जुन्या बैठ्या घरात एकट्या राहणाऱ्या, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या ६८ वर्षांच्या शिक्षिकेचे हे प्रकरण आहे. गल्लीत त्यांना सगळे बाई म्हणतात, आणि मी त्यांचा शेजारी व माजी विद्यार्थी असल्याने येथेही तेच संबोधन ठेवले आहे. बाईंचा मुलगा डब्लिनला नोकरीस आहे, मुलगी-जावई पुण्यात आहेत. बाईंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, त्यासाठी त्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात. रक्तदाबाच्या दोन गोळ्या आहेत, एक सकाळची आणि एक रात्रीची.

फेब्रुवारीतील एका पहाटे लघवीला उठल्यावर न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी त्यांना भोवळ आली आणि त्या खाली कोसळल्या. हाड मोडले नाही, कपाळाला टाके घालण्यावर निभावले. पण दूधवाला येईपर्यंत त्या तिथेच भिंतीला टेकून बसून होत्या, कारण मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता आणि उठायचे त्राण अंगात नव्हते. या घटनेनंतर आईने स्मार्टवॉच घातलेच पाहिजे असा धोशा मुलाने लावला आणि मुलीने त्याला दुजोरा दिला. बाईंचे म्हणणे असे की त्यांच्या हातात उभ्या नोकरीत एचएमटीचे चावीचे घड्याळ होते, त्याने कधी कुणाला फोन केला नाही आणि त्यावाचून कुणाचे अडलेही नाही.

घरात चर्चा चालली होती ती कोणते घड्याळ घ्यावे याची. प्रश्न असा मांडला की त्याचे उत्तर दुकानदार देतो. म्हणून आम्ही तो निराळ्या पद्धतीने मांडून पाहिला : घड्याळ जे जे दाखवते त्यातला प्रत्येक आकडा किंवा इशारा समोर आल्यावर नेमके कोणी काय करायचे, हे आधी ठरलेले आहे का? जेथे ठरलेले आहे, किंवा ठरवता येईल, तेवढ्या कामासाठी घड्याळ घालायचे आणि बाकीचे सगळे बंद करून ठेवायचे. पुढचे सर्व निर्णय या एका कसोटीवर झाले.

पहिले घड्याळ

पहिले घड्याळ मुलीने ऑनलाइन मागवले. किंमत दोन हजारांच्या आत. नाडी, प्राणवायू, रक्तदाब आणि साखर हे सगळे एकाच मनगटी यंत्रावर दिसेल, असे खोक्यावर छापलेले होते. जावयांनी पहिल्याच रविवारी अंघोळीचा पंचा गुंडाळून त्याची वळकटी केली आणि तिच्यावर ते घड्याळ बांधले. थोड्याच वेळात पंचाची नाडी ७२ आली आणि रक्तदाबही अगदी सुदृढ माणसाचा आला. बाई खूप दिवसांनी मनापासून हसल्या.

या प्रयोगाने मौज झाली, परंतु त्यामागचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. घड्याळाच्या पाठीशी हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषते, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परत येणाऱ्या प्रकाशात बारीक चढउतार होतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. ही पद्धत चांगली आहे. पण मिळालेला संकेत खरोखर कातडीतून आला की कापडातून, हे तपासण्याची अक्कल घड्याळाच्या प्रणालीत घालावी लागते, आणि स्वस्त घड्याळांत बहुधा तेवढा खर्च केलेला नसतो. महाग घड्याळही पंचाला कधीमधी फसते, त्यामुळे या एका प्रयोगावरून नाडीचे माप टाकाऊ ठरत नाही. रक्तदाब आणि साखर यांची गोष्ट मात्र वेगळी आहे.

दंडाला पट्टा आवळल्याशिवाय रक्तदाब काढणारी घड्याळे नाडीच्या लहरीच्या आकारावरून अंदाज बांधतात. सॅमसंगच्या ज्या घड्याळांत ही सोय आहे, तीही दर २८ दिवसांनी पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यावी लागतात. म्हणजे घरात पट्ट्याचे यंत्र हवेच. मग ते यंत्रच का वापरू नये? साखरेबाबत तर बोलायलाच नको. कातडीला टोचल्याशिवाय साखर मोजल्याचा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या वापरू नयेत, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी दिला. दंडावर चिकटवायचा संवेदक घेतला आणि त्याची मापे घड्याळाच्या पडद्यावर पाहिली, तर ती गोष्ट निराळी. त्या संवेदकाचा केसासारखा तंतू कातडीखाली गेलेला असतो. बाईंच्या बाबतीत हा इशारा पुस्तकी नव्हता. ग्लिमेपिराइडने साखर फार खाली जाऊ शकते, तेव्हा घाम सुटतो आणि गरगरते. अशा वेळी घड्याळाने ‘११०’ दाखवले आणि बाई निर्धास्त राहिल्या, तर त्या आकड्याने जीव धोक्यात घातला असे होईल. काहीच न दाखवणारे एचएमटी यापेक्षा बरे.

ते घड्याळ परत केले आणि मिळालेल्या पैशात थोडी भर घालून दंडाला बांधायचे रक्तदाबयंत्र आणले. या प्रकरणातील सर्वांत उपयोगी खरेदी ती ठरली.

भोवळीचे कारण

नव्या यंत्राचा पहिला उपयोग डॉक्टरांच्या सांगण्यावरून झाला. पाच मिनिटे आडवे पडून एकदा रक्तदाब घ्यायचा, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, तर उठताना मेंदूला रक्त कमी पडते असे समजतात. बाईंचा आकडा त्याहून बराच जास्त उतरत होता. डॉक्टरांनी रात्रीची गोळी बदलली, अंथरुणातून उठताना आधी काठावर बसून पाय हलवायला सांगितले, आणि जावयांनी न्हाणीघरात धरायला दांडी व वाटेत मंद दिवा बसवून दिला. पडण्याची शक्यता जी काही कमी झाली ती यामुळे. घड्याळाचा येथे काडीचाही संबंध नव्हता, आणि हे आधी झाले हे बरे झाले. नाहीतर पुढे भोवळ न येण्याचे श्रेय घड्याळाला गेले असते.

तरीही प्रश्न उरला. वय, मधुमेह आणि एकटेपणा हे तिन्ही तसेच होते. पुन्हा पडल्यास ते लवकर कळावे, एवढ्यासाठी घड्याळ घ्यायचे ठरले.

पडल्याची सूचना

मुलाने येणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर स्वतःचे वापरलेले अ‍ॅपल वॉच पाठवले. ते कपाटात गेले, कारण बाईंचा फोन अँड्रॉइडचा आहे आणि अ‍ॅपल वॉच आयफोनशिवाय चालू होत नाही. परदेशातून येणाऱ्या प्रेमाच्या वस्तूंबरोबर त्यांचा चार्जर येतो, पण सगळी परिसंस्था येत नाही. अखेर अँड्रॉइडशी जुळणारे, पडल्याचे ओळखणारे घड्याळ पुण्यातून घेतले.

घड्याळातील गतिमापक हाताला बसलेला जोराचा हिसका आणि त्यानंतरची निश्चलता यांवरून पडण्याचा तर्क करतात. मग घड्याळ कंप पावते, ‘तुम्ही ठीक आहात का’ असे विचारते, आणि ठरावीक वेळात उत्तर मिळाले नाही तर नेमून दिलेल्या लोकांना संदेश किंवा फोन जातो. यातील प्रत्येक टप्पा बाईंच्या घरात कुठे अडतो, हे आम्ही प्रत्यक्ष करून पाहिले.

पहिली अडचण फोनची. सिमविना चालणाऱ्या घड्याळाला संदेश पाठवण्यासाठी जवळच्या फोनचा आधार लागतो. बाईंचा फोन रात्री बाहेरच्या खोलीत असतो, न्हाणीघर परसाच्या बाजूला, आणि मध्ये दोन जाड मातीच्या भिंती. बाई न्हाणीघरात खुर्चीवर बसल्या आणि मी बाहेर थांबलो. घड्याळावर फोन तुटल्याची खूण आली. म्हणजे ज्या जागी त्या पडल्या होत्या, नेमक्या त्याच जागी घड्याळ मुके होते. सिमचे घड्याळ घेऊन दरमहा वेगळे पैसे भरणे हा एक मार्ग होता. आम्ही फोनच्या चार्जरची जागा बदलून तो स्वयंपाकघरातील फळीवर नेला, आणि संपर्क टिकला.

दुसरी अडचण चार्जिंगची. असे घड्याळ एक-दोन दिवसांत उतरते आणि बहुतेक लोक ते रात्री झोपताना चार्जिंगला लावतात. बाईंच्या बाबतीत तसे करणे म्हणजे ज्या वेळी त्याची गरज आहे त्याच वेळी ते हातावर नसणे. म्हणून चार्जिंगची वेळ संध्याकाळची ठरली : दिवेलागणीनंतर बाई मालिका बघत खुर्चीवर बसलेल्या असतात, तेव्हा घड्याळ काढायचे आणि जेवायला उठताना हातात घालायचे. अंघोळीचाही हाच पेच होता. घड्याळाला पाणी चालते असे कंपन्या म्हणतात, परंतु ती चाचणी साध्या, थंड पाण्याची असते. कढत पाणी, साबण आणि वाफ यांनी आतले रबरी कडे हळूहळू निकामी होते. सुरुवातीला बाई घड्याळ जपायचे म्हणून अंघोळीपूर्वी काढून ठेवत. घड्याळ दोन वर्षे कमी टिकले तरी चालेल, पण ओल्या फरशीवर ते हातात पाहिजे, असे ठरल्यावर त्या ते घालूनच अंघोळ करतात आणि नंतर गार पाण्याने धुऊन पट्ट्याखालची कातडी कोरडी करतात. पावसाळ्यात पट्ट्याखाली पुरळ आले होते. पट्टा सैल करून आणि साबण नीट धुऊन ते गेले.

तिसरी अडचण दाराची, आणि ही कोणाच्याच लक्षात आली नव्हती. संदेश कोणाला जाणार, यावर मुलाचे उत्तर साहजिकच ‘मला’ असे होते. सांगलीत पहाटेचे तीन वाजतात तेव्हा डब्लिनला आदल्या रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा वाजलेले असतात, म्हणजे तो जागा असतो हे खरे. पण जागा राहून तो करणार काय? १०८ ला त्याला तिथून थेट फोनही लावता येणार नाही. पहिला संपर्क शेजारच्या घराचा, म्हणजे आमचा, ठरला आणि आमच्याकडे किल्ली दिली गेली. त्यानंतर लक्षात आले की बाई रात्री आतून कडी घालतात. किल्ली असूनही दार उघडणार नव्हते. कडी काढून, आतून बंद होणारे पण बाहेरून किल्लीने उघडणारे कुलूप बसवले, तेव्हा कुठे घड्याळाच्या संदेशाला अर्थ आला. मला या सगळ्या प्रकरणातील कळीची गोष्ट हीच वाटते : काही हजारांच्या घड्याळाची उपयुक्तता सुताराने बसवलेल्या एका कुलपावर अवलंबून होती.

खोटे इशारेही आले. एकदा बाई गोधडी धोपटत होत्या, तेव्हा घड्याळाला त्या पडल्यासारखे वाटले. चष्मा जवळ नसल्याने पडद्यावर काय आले ते त्यांना वाचता आले नाही, आणि मी किल्ली घेऊन पोहोचलो तेव्हा त्या धोपाटणे हातात घेऊन उभ्या होत्या. याउलट भिंतीला धरून हळूहळू खाली घसरल्यास हिसका बसत नाही आणि घड्याळाला काही कळत नाही. घड्याळ घालणाऱ्या वृद्धांना हे आधी सांगितले पाहिजे. म्हणून बाजूचे बटण लागोपाठ दाबून मदत मागायचा सराव बाईंकडून करून घेतला. शुद्ध हरपलेली नसेल तर आपोआप ओळखण्यापेक्षा हे बटण अधिक भरवशाचे आहे. बाईंनी तो सराव शाळेतील आगीच्या कवायतीच्या शिस्तीने केला.

नाडीचा प्रश्न

या घड्याळात अनियमित नाडीचा इशारा देण्याची सोय होती. ती चालू ठेवावी की नाही, यावर घरात मतभेद झाला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा जो विकार उतारवयात आढळतो, त्यामुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो आणि अनेकांना तो जाणवतही नाही. बाईंचे वय, मधुमेह आणि रक्तदाब पाहता हा विकार सापडला तर रक्त पातळ ठेवण्याचे औषध सुरू करण्याचा निर्णय डॉक्टर लगेच घेतील. इशाऱ्यानंतर काय करायचे हे ठरलेले असल्याने आमच्या कसोटीला ही सोय उतरते.

पण इशाऱ्याची खात्री किती? अ‍ॅपल आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,१९,२९७ जण होते. त्यांपैकी ०.५२ टक्के लोकांना अनियमित नाडीचा इशारा आला, आणि इशाऱ्यानंतर छातीवर हृदयाची लय नोंदवणारी पट्टी लावून तपासलेल्यांत ३४ टक्के लोकांना हा विकार दिसला. पट्टी काही दिवसांनी लावली गेली आणि हा विकार सुरुवातीला येऊनजाऊन असतो, त्यामुळे उरलेल्यांना आलेला इशारा खोटाच होता असे म्हणता येत नाही. दुसरीकडे, डेन्मार्कमध्ये ७० ते ९० वयाच्या सुमारे सहा हजार लोकांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कातडीखाली नोंदयंत्र बसवल्याने हा विकार जवळजवळ तिप्पट लोकांत सापडला, तरी पक्षाघातांत स्पष्ट घट दिसली नाही. शोधून काढलेला प्रत्येक थोडका बिघाड उपचाराच्या लायकीचा नसतो, असा त्याचा अर्थ मी लावतो.

डॉक्टरांनी मधला मार्ग सांगितला आणि तो मला पटला. पार्श्वभूमीवर चालणारा इशारा चालू ठेवायचा. तो आला तर त्याच आठवड्यात दवाखान्यात पूर्ण ईसीजी काढायचा. बोट ठेवून काढायचा घड्याळातील ईसीजी मात्र बाईंनी रोज उगाच काढायचा नाही. तो एकाच बाजूने हृदय पाहतो आणि हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. छातीत दुखत असताना घड्याळाने ‘लय नियमित’ असे सांगितले म्हणून घरी थांबणे, हा सर्वांत वाईट परिणाम ठरेल. हे वाक्य डॉक्टरांनी बाईंकडून परत म्हणवून घेतले.

पावले, पाटल्या आणि झोप

घड्याळाने पहिल्याच दिवशी दहा हजार पावलांचे लक्ष्य लावून दिले. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पदमापकाच्या जाहिरातीतून तो जगभर पसरला. बाईंच्या वयाला लागू पडणारा अभ्यास २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला आहे. सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ स्त्रियांमध्ये दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर बराच कमी आढळला, आणि साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढेनासा झाला. असे अभ्यास कार्यकारणाची हमी देत नाहीत, कारण मुळात धडधाकट असणाऱ्या बायका अधिक चालतात. तरी लक्ष्य ठरवायला एवढा आधार पुरेसा आहे. बाईंचे लक्ष्य पाच हजारांवर आणले आणि चालणे सकाळच्या मंदिरफेरीला जोडले.

मोजणीत घरगुती गमतीही होत्या. कणीक मळताना पावले वाढत, आणि भाजीची पिशवी धरलेला हात न हलल्याने मंडईतून चालत आणलेली पावले गळत. बाईंच्या डाव्या हातात पाटल्या असतात. त्या घड्याळाला खालून ढकलत, घड्याळ मनगटाच्या हाडावर चढे, कातडीपासून सुटे आणि नाडीचा आकडा मधूनच भलता येई. पाटल्या काढायला बाई तयार नव्हत्या आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. घड्याळ उजव्या हातात, हाडापासून बोटभर वर बांधले आणि तसे सेटिंगमध्ये नोंदवले, तेव्हा प्रश्न मिटला. जळालेल्या कॅलरींचा रकाना बंदच केला. स्टॅनफर्डमध्ये २०१७ साली सात उपकरणे तपासली गेली, तेव्हा ऊर्जेच्या मापात एकाचीही चूक २० टक्क्यांच्या आत नव्हती. साखरेच्या रुग्णाने अशा आकड्यावर विसंबून एक पोळी जास्त किंवा कमी खाणे योग्य नाही.

झोपेचे गुण तर लगेच बंद करावे लागले. सकाळी उठल्याबरोबर ६१ गुण पाहून ‘म्हणजे मला झोप लागली नाही तर’ असे बाई म्हणू लागल्या. तोवर त्यांना झोप चांगली लागल्यासारखे वाटत होते. जन्मभर दुसऱ्यांना गुण दिलेल्या माणसाला हे अधिकच लागले असावे. घड्याळ रात्रभर हातात असते, पण झोपेची नोंद बंद असते.

मुलाची नजर

सुरुवातीच्या आठवड्यात घड्याळाची सगळी माहिती मुलाच्या फोनवर जात होती. ‘आई, काल रात्री दोनला का उठलीस?’, ‘दुपारी नाडी ९८ का होती?’ असे फोन सुरू झाले. नाडी ९८ होती कारण बाई माळ्यावरचे डबे उतरवत होत्या, आणि हे त्यांना सांगायचे नव्हते. चौथ्या-पाचव्या फोनानंतर त्यांनी घड्याळ काढून देवघरात ठेवले. सर्व तांत्रिक अडचणी सुटल्यावरही हे प्रकरण येथे फसले असते.

आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे, परंतु व्यक्तीने घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे. आई आणि मुलगा यांच्यातील संमती त्यांनाच ठरवावी लागते. मुलीने मध्यस्थी केली. मुलाला फक्त पडल्याचा आणि मदतीच्या बटणाचा इशारा जाईल, नाडी, पावले आणि ठिकाण दिसणार नाही, असे ठरले. त्याने कुरकुर करत ते मान्य केले. घड्याळ दुसऱ्याच दिवशी देवघरातून हातावर आले.

सध्याची व्यवस्था

आज बाई घड्याळ संध्याकाळची मालिका सोडून दिवसरात्र घालतात. पडल्याचा इशारा, मदतीचे बटण, अनियमित नाडी आणि पावले एवढेच चालू आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी फोन करून विचारतो, बाई न्हाणीघरात जाऊन बटण दाबतात, आणि माझ्या फोनवर संदेश येतो की नाही ते आम्ही पाहतो. एकदा प्रणाली अद्ययावत झाल्यानंतर परवानगी आपोआप बंद झालेली याच तपासणीत सापडली. रक्तदाब दंडाच्या यंत्रावर आणि साखर बोटाला टोचूनच मोजली जाते, आणि दोन्हींची नोंद शाळेच्या जुन्या हजेरीपटासारख्या आखलेल्या वहीत होते.

बाईंच्याच वयाची, पण भरल्या घरात राहणारी, भोवळ न येणारी आणि रोज फिरायला जाणारी स्त्री असती, तर एवढ्या उठाठेवीची शिफारस मी केली नसती. बाईंच्या बाबतीतही घड्याळ काढून ठेवण्याच्या अटी लिहून ठेवल्या आहेत : बॅटरी जुनी होऊन संध्याकाळी भरूनही सकाळपर्यंत पुरेनाशी झाली, बटण दाबायचा क्रम त्यांच्या लक्षात राहीनासा झाला, किंवा आम्ही घर बदलले आणि किल्ली ठेवणारे दुसरे कोणी मिळाले नाही, तर घड्याळ बंद करून रात्री सोबतीला माणूस ठेवायचे. त्यासाठी गल्लीतील एका बाईंशी मुलीने आधीच बोलून ठेवले आहे.